धारेची वेळ

शिवाजी पेठेत कुणाला राजवीरचा पत्ता विचारला, तर लोक आधी उलट विचारायचे, "आत्ता वाजलं किती?" सकाळची वेळ असली तर तो म्हशीपाशी, संध्याकाळ असली तरी म्हशीपाशी, आणि मधली वेळ असली तर म्हशीची वैरण आणायला गेलेला. गडी तसा हौशी. एके काळी तालमीच्या टीममधून फुटबॉल खेळायचा आणि मॅच हरली की दोन दिवस घरात कुणाशी बोलायचा नाही. पण गेलं वर्षभर या माणसानं एक रात्र घराबाहेर काढली नव्हती. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात अक्षता पडल्या आणि हा पंगत सोडून धारेला पळाला. सासुरवाडीकडची माणसं अजून ते काढतात, आणि काढणारच की.

या सगळ्याला कारण एकच, मोना. मोना म्हणजे त्यांची म्हैस. नाव ठेवलं होतं राजवीरच्या आईनं, तानाबाईनं. का ठेवलं ते तिचं तिलाच ठाऊक. घरात तेव्हा चार म्हशी होत्या. पहाटे तानाबाई एकीखाली बसायची, राजवीरचे वडील आण्णा दुसरीखाली, पाठीला पाठ लावून. धारा निघायच्या आणि दोघांच्या गप्पा चालायच्या. तीन वर्षांपूर्वी तानाबाई गेली. त्या दिवसापासून आण्णांनी गोठ्यात पाऊल टाकलं नाही. तीन म्हशी विकल्या. चौथीलाही गिऱ्हाईक बघत होते, राजवीर आडवा आला म्हणून मोना राहिली. "पाकिटातलं दूध काय वाईट असतंय?" असं आण्णा एकदा म्हणाले. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, उभा जन्म ताजं फेसाळ दूध पिलेला माणूस असं म्हणतो म्हटल्यावर घरातल्यांनी ओळखलं, की हे दुखणं साधं नाही.

त्यात गेल्या वर्षी मोनाचं रेडकू जन्मल्या आठवड्यात गेलं. रेडकू गेलेली म्हैस पान्हा चोरते. कास भरलेली असते, ती तळमळत असते, पण थेंब द्यायची नाही. राजवीर तिच्याशी बोलत, तिला गोंजारत, शिव्या देत, हातापाया पडत चार दिवस बसून राहिला, तेव्हा कुठं तिनं पान्हा सोडला. तेव्हापासून तिचं ठरून गेलं. राजवीरचा आवाज असला तरच दूध. पाडव्याला पेठेत म्हशी सजवून पळवतात, शिंगांना मोरपिसं, गळ्यात घुंगूरमाळा आणि पुढं मालकाची गाडी. त्या गोंगाटात राजवीरनं एक हाळी दिली, की मोना माणसं बाजूला सारत थेट त्याच्यापाशी यायची. लोक टाळ्या वाजवायचे. राजवीरची छाती फुगायची आणि पाय मात्र गोठ्याला बांधलेला राहायचा.

इकडं नागसेन वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागं लागला होता. नागसेन म्हणजे राजवीरचा शाळेपासूनचा दोस्त, आता हायस्कुलात पी.टी.चा मास्तर. राधानगरीच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेकडेनं, एका धनगरवाड्यावरून दुसऱ्या धनगरवाड्यावर चालत जायचं, रात्री तिथल्याच झोपडीत पथारी टाकायची, मिळंल ती भाकरी खायची, आणि असं करत गगनबावड्याला उतरायचं, ही त्याची दहावीपासूनची इच्छा. दर हिवाळ्याला तो यायचा आणि राजवीर गोठ्याकडं बोट दाखवायचा. यंदा नागसेन कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "तू न्हाईस तर आमीबी न्हाय. मरू दे डोंगर."

तोडगा काढला ऋतुराजनं. हा तिसरा दोस्त, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि जगातली प्रत्येक अडचण मोबाईलनं सुटते असं मानतो. त्यानं राजवीरचा आवाज रेकॉर्ड केला. राजवीरची बायको संयोगिता म्हशीखाली बसली आणि फोन लावून दिला. मोनानं अर्धं मिनिट ऐकलं आणि बादली लाथेनं भिंतीवर उडवली. "बरोबर हाय की," राजवीर म्हणाला, "ती पाय उचलतीया आणि मी तिकडं शाणी गं माझी म्हणतोय. तिला काय कळत न्हाय व्हय?" मग खरा फोन लावून बघितला. राजवीर गल्लीच्या टोकाला उभा, फोन गोठ्यात स्पीकरवर, संयोगिता सांगणार आणि हा तिकडून बोलणार. आणि काय सांगू, चुर्रचुर्र धार सुरू झाली! अख्खी गल्ली हसत होती.

आण्णा कट्ट्यावर बसून बघत होते. "म्हशीला फोन आलेला माझ्या जल्मात बघितला न्हवता," म्हणाले. मग हसणं थांबल्यावर त्यांनी राजवीरला जवळ बोलावलं. "जायाचं तर जा. पर एक वेळ जरी धार चुकली, तरी येत्या बाजाराला म्हस इकणार. दुधानं कास तटलेली, हंबरडा फोडणारी म्हस मला दारात बघवत न्हाय. गिऱ्हाईक तयार हाय." आण्णा बोलले की बोलले, त्यात फिरवाफिरव नसते. राजवीरनं हो म्हणून मान हलवली. मोनाला तो विकू देणार नव्हता, आणि डोंगरही त्याला हवा होता.

तर असे चौघं निघाले. चौथी साक्षी, नागसेनची बायको, एस.टी.त कंडक्टर. तिनं आल्या आल्या सगळा कारभार ताब्यात घेतला. राधानगरीकडच्या रस्त्यांवर कुठल्या वळणाला फोन लागतो हे तिला तोंडपाठ होतं, आणि वरच्या वाड्यांची माहिती तिनं तिच्या गाडीनं ये-जा करणाऱ्या धनगरांकडून काढली होती. माणसं मुक्काम ठरवतात पाणी बघून, सावली बघून. यांचे मुक्काम ठरले म्हशीच्या धारेवर. सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळेला रेंज असलेल्या जागी पोचायचंच, मग जेवण राहू दे नाहीतर सूर्यास्त.

"चला, फुडं सरका, मधी थांबू नका," साक्षी मागून ओरडायची. कंडक्टरचाच आवाज तो, समोरच्या डोंगरावरून परत यायचा.

पहिल्या संध्याकाळी ते एका काळ्या खडकावर चढले. थंडीचे दिवस, खाली धरणाचं पाणी चकाकत होतं, वारा कानात शिरत होता. राजवीरनं फोन लावला आणि दोन्ही हातांचा आडोसा करून सुरू झाला, "मोनाऽऽ! ए माझी बाय! कशी हायस गं? हिरवा चारा खाल्लास काय?"

"कान टवकारलं तिनं," तिकडून संयोगिता म्हणाली.

"व्हय, शाणी गं माझी ती. सोड, सोड पान्हा."

"अहो, पाय उचलला."

"ए! पाय खाली! माजलीस व्हय गं? आल्यावर बघतो तुला. हां, असं. गुणाची माझी बाय."

आणि फोनमधून धारेचा आवाज यायला लागला, आधी पत्र्यावर पडल्याचा, मग दुधावर पडल्याचा जाडसर. चौघं खडकावर श्वास रोखून बसलेले. बादली भरल्याचं संयोगितानं सांगितलं तेव्हा नागसेननं मॅचमध्ये गोल झाल्यागत उडी मारली आणि ऋतुराजनं शिट्टी फुंकली. राजवीरला एकदम हलकं वाटलं. इतक्या लांबून, एवढ्या उंचावरून आपण धार काढली! त्यानं वळून पहिल्यांदाच नीट बघितलं, तर समोर डोंगरांच्या एकामागं एक रांगा पसरल्या होत्या. हे इतकी वर्षं इथंच होतं आणि आपण पेंड आणि वैरण करत बसलो, असं त्याच्या मनात आलं.

मग दिवस मजेचेच गेले. वाटेत करवंदीच्या जाळ्या, कारवीचं रान, उन्हात तापलेल्या खडकाळ सड्यावरून चालणं. पहिल्या वाड्यावर नाचणीची भाकरी आणि खर्डा मिळाला. ऋतुराजनं पिशवीतून घरचं कांदा-लसूण चटणीचं पुडकं काढलं, तर घरातली बाई म्हणाली, "पावणं, आमच्या मिरचीवर भरवसा न्हाय व्हय?" आणि तिचा खर्डा खाल्ल्यावर ऋतुराज नुसता ताक पीत राहिला. नागसेनच्या बुटाचा तळ निघाला आणि तो सुतळीनं बांधून चालला. पोरांना शिस्त शिकवणारा मास्तर तो, साक्षीनं त्याला "पास दाखवा, असल्या बुटावर प्रवास करता येत न्हाय" म्हणून मधेच अडवलं. राजवीर हसून हसून खाली बसला. फोन वेळेवर लागत होते, मोना वेळेवर पान्हा सोडत होती. ज्या वाड्यावर जातील तिथली माणसं धारेच्या वेळेला गोळा व्हायची, आणि एका म्हाताऱ्यानं तर फोनमध्ये तोंड घालून मोनाला स्वतःच चार शब्द सुनावले.

शेवटून दुसऱ्या संध्याकाळी मात्र घोळ झाला. त्या दिवशी धारेच्या आधी एका खिंडीत पोचायचं होतं. रेंज खिंडीतच. पलीकडं खाली खोलगट भागात धोंडुबाईचा वाडा, तिथं मुक्काम, आणि तिथं फोनचा पत्ता नाही. खिंड समोर दिसत होती, वेळही हातात होता. एवढ्यात नागसेननं हात वर केला आणि सगळे जागच्या जागी थांबले.

खिंडीच्या वाटेवर, मोकळ्या गवतात, गवे होते. दहा-बारा तरी असतील. काळेभोर, चकचकीत, गुडघ्याखाली पांढरे. ते चौघं एका झाडाआड हळूच खाली बसले. ऋतुराजनं मोबाईलला हातसुद्धा लावला नाही, आता बोला.

राजवीर तर भान हरपला. आयुष्यभर म्हशी बघितलेला माणूस, पण असला डौल त्यानं बघितला नव्हता. "खांदा बघ लका, खांदा," तो कुजबुजला. "आणि त्या मागल्या मादीची चाल बघ." त्या मादीच्या पोटाशी तपकिरी पिल्लू होतं. पिल्लानं ढुशी दिली, ती थांबली, पाय फाकवून उभी राहिली आणि पिल्लू पिऊ लागलं. ती मान वळवून त्याला चाटत होती. मोनानं आपलं रेडकू असंच चाटलं होतं, आठवडाभर, आणि मग ते उठलंच नाही. तो बघतच राहिला. गवे जाईनात, आणि खरं सांगायचं तर ते जावेत असं चौघांतल्या कुणालाच वाटत नव्हतं. शेवटी ऊन उतरलं तेव्हा नागसेन म्हणाला, गव्यांतून खिंडीकडं जाणं बरं नव्हं, खालच्या झाडीतून वळसा घालू. ते वळसा घालून, गव्यांच्याच गोष्टी करत, एकमेकांना खांद्याचं वर्णन ऐकवत थेट धोंडुबाईच्या वाड्यावर उतरले.

धोंडुबाई त्याच वेळी धारेची चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर आली. दुधावर फेस होता.

राजवीरनं ती चरवी बघितली आणि त्याला धारेची वेळ आठवली. "माझी मोना," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

बाकीच्यांचीही तोंडं उतरली. साक्षीनं कपाळावर हात मारला. "भावजी, माझं चुकलं. टाईम ठेवणार मी आणि मीच इसरले." ऋतुराज फोन डोक्यावर धरून गोठ्यामागं, वळचणीखाली, झाडाखाली फिरून आला. फोन मुका. राजवीर खिंडीच्या दिशेनं सुटला, तशी धोंडुबाई चरवीसकट आडवी आली. सत्तरीची बाई, आवाज पहाडी.

"कुठं रं निघालास अंधाराचा?"

"म्हस तटली असंल वो मावशी. माझ्या आवाजाबिगर देत न्हाय ती. आणि धार चुकली तर आण्णा इकणार हायती तिला."

"वाटंवर गवं हायती. तू मेलास तर तिची धार काढणार कोण? बस खाली." मग तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आणि मला एक सांग, म्हस तुझी हाय का तू म्हशीचा? घरात दुसरं हात न्हाईत व्हय?"

"हायत की. आण्णा हायत. पर आई गेल्यापासनं ते गोठ्यात जात न्हाईत."

धोंडुबाईनं चुलीवर पिठलं टाकलं, ताटं मांडली. राजवीरनं ताट बाजूला सारलं. त्याला स्वतःचाच राग येत होता. वर्षभर जिला एक वेळ चुकवलं नाही, तिला आज परक्या जनावरापायी विसरलो. तिनं हंबरडे फोडले असतील, संयोगिता रडकुंडीला आली असेल, आण्णांनी गिऱ्हाइकाला निरोपसुद्धा धाडला असेल. नागसेन त्याच्या शेजारी घोंगडं टाकून पडला आणि म्हणाला, "इकायला निघालं तर मी आण्णांच्या पाया पडतो. मास्तर हाय मी, ऐकतील माझं." दोघांनाही माहीत होतं, की आण्णांनी आजवर एकाही मास्तरचं ऐकलेलं नाही.

झुंजुमुंजू होताच राजवीर खिंडीकडं निघाला आणि तिघं त्याच्यामागं, चहासुद्धा न घेता. गवे गेले होते, गवतावर नुसते खुरांचे माग होते. खिंडीत पाय पडला आणि फोन खिशात थरथरायला लागला. संयोगिताचे कालचे फोनवर फोन येऊन गेले होते. राजवीरनं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि ती बोलायच्या आत सगळा जीव एकवटून ओरडला, "संयोगिता! मोना कशी हाय?"

"शूऽऽ! हळू बोला," संयोगिता कुजबुजली.

"का? काय झालं?"

"आण्णा बसल्यात."

"कुठं बसल्यात?"

"धारेला."

राजवीरला कळेचना. संयोगिता दबक्या आवाजात भराभरा सांगत होती. काल फोन लागेना. मोनानं लाथ मारली, बादली गेली, दावं तुटायच्या बेताला आलं. ती हंबरायची थांबेना आणि माझं रडणं थांबेना. तवर आण्णा दारात आले. बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, ऊठ पोरी. पाट घेतला, गुडघा दुखतोय तरी बसले, मोनाच्या पोटाला कपाळ टेकलं आणि बोलायला लागले. पेठेत कोण आजारी हाय, कुणाच्या पोरीचं ठरलं, महाद्वार रोडला भाजी किती महागली, सगळं. आईंना सांगायचे तसंच. "अहो, तीन वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं न्हवतं. आणि तिनं सोडला की पान्हा! आज तर मला उठवलंबी न्हाई, आपलं आपणच जाऊन बसल्यात. थांबा, ऐकवते."

ती फोन घेऊन गोठ्याच्या दारापाशी गेली असावी. चुर्रचुर्र धार ऐकू आली, आणि तिच्यावर आण्णांचा आवाज, खर्जातला, सावकाश.

"...तर ते पोरगं गेलंय डोंगरात. जाऊ दे म्हणतो. वर्स झालं, तुझ्या आणि माझ्यापायी अडकून पडलंय गोठ्यात. तू पान्हा चोरायचीस आणि मी तोंड चोरायचो. त्यानं काय करावं बिचाऱ्यानं? त्याची आई असती तर तिला आवडलं नसतं हे. तुला सांगतो, मला कानाखाली दिली असती तिनं..."

"न्हाय हो आण्णा" असं राजवीरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आता एक शब्द जरी बोललो, तर मोनाचे कान आवाजाकडं फिरणार, पान्हा थांबणार आणि आण्णांचं बोलणंही थांबणार. त्यानं तळहात तोंडावर दाबून धरला. डोळ्यांतलं पाणी हातावरून वाहत होतं. नागसेन, साक्षी, ऋतुराज, तिघंही तसेच उभे होते, कुणी खोकलंसुद्धा नाही. सूर्य वर आला, खिंडीत ऊन भरलं, आणि चौघं एका म्हशीची धार संपेपर्यंत गप्प राहिले.

मग पाट सरकल्याचा आवाज आला. "कुणाचा फोन हाय गं?" आण्णांनी विचारलं.

"मी हाय, आण्णा," राजवीर म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "काल चुकलं माझं. बाजाराचं तेवढं..."

"कसला बाजार? म्हस इकायला मला काय खूळ लागलंय व्हय? तू सावकाश ये. आणि हे बघ, आल्यावर सकाळची धार तुझी. संध्याकाळची माझी, त्यात तू यायचं न्हाय. आमचं बोलणं असतंय."

फोन बंद झाला. नागसेननं राजवीरच्या गळ्यात हात टाकला, आणि राजवीर रडत रडत हसायला लागला, तो काही केल्या थांबेना. ऋतुराजनं विचारलं, आता कुठल्या बाजूनं उतरायचं, संध्याकाळी रेंज कुठं हाय? राजवीरनं समोरच्या सगळ्यात उंच डोंगराकडं बोट केलं आणि विचारलं, तिथनं सूर्य बुडताना दिसतोय का. साक्षी म्हणाली, दिसतोय, पण तिथं फोन लागत न्हाय.

"मग तिथंच जाऊया," राजवीर म्हणाला.